दैवशालाची सुट्टी

दैवशाला रूपनर सुट्टीवर निघाली तेव्हा तिनं एक गोष्ट पक्की ठरवली होती. घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी बापाला सांगून टाकायचं, की मी नोकरी सोडतेय. छत्तीसगडच्या जंगलातल्या तळापासून परभणीपर्यंत दोन दिवसांचा प्रवास. त्या दोन दिवसांत तिनं ते वाक्य मनातल्या मनात इतक्यांदा म्हणून पाहिलं, की ते अगदी सोपं वाटायला लागलं. "आबा, मला आता तिकडं जायचं न्हाई." एवढंच. कामून म्हणून विचारलं तर कारणही सांगायचं. बाप काही जबरदस्तीनं कुठं धाडणारा नव्हता.

गंगाखेडहून सुटलेली एसटी राणीसावरगावात शिरली आणि तिला हलगी ऐकू आली. कुणाचं तरी लग्न असेल, असं तिला वाटलं. खिडकीतून वाकून बघते तर स्टँडसमोर उघडी जीप, जीपला झेंडूच्या माळा, आणि मागं दोन पुरुष उंचीचा बॅनर. बॅनरवर तिचाच वर्दीतला फोटो. खाली लिहिलेलं, 'राणीसावरगावची वाघीण'. कोपऱ्यात भागवत सरांचा फोटो. हे भागवत सर गंगाखेडात भरतीची अकॅडमी चालवायचे; दैवशालाला पळायला त्यांनीच शिकवलं होतं. गर्दीच्या पुढं तिचा बाप सटवाजी उभा होता. नवा सदरा, डोक्याला फेटा, गळ्यात हार. त्याच्या खांद्यावर हात टाकून बन्सीधर उभा होता, गावातला मोठा शेतकरी.

दैवशालानं बापाचा चेहरा पाहिला. असा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता. जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं आणि लोकांनी तिला हात धरून जीपमध्ये चढवलं.

बन्सीधरचा तो हात काय होता, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

रूपनरांकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माळावरची दोन एकर नावाला, खरं पोट मेंढरांवर. सुगी झाली की शेतमालक खतासाठी सटवाजीला बोलावून रानात मेंढरं बसवून घ्यायचे, आणि एखादं मेंढरू उभ्या पिकात शिरलं की तेच मालक काठी घेऊन धावायचे. दैवशाला नऊ वर्षांची असताना बन्सीधरच्या तुरीत मेंढरं शिरली. त्यानं अख्खा कळप कोंडवाड्यात घातला आणि सटवाजीला दारात उन्हात उभं केलं, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मधूनच ओसरीवरून ओरडायचा, "ए सटव्या, हालू नको तिथून." दैवशाला बापाजवळच उभी होती. कोंडवाड्यात कोकरं ओरडत होती. त्या अख्ख्या दिवसात बापानं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही.

मेंढरांमागं धावून धावून तिच्या पायांना वेग आला होता. बारावीनंतर ती भागवत सरांकडं गेली आणि विसाव्या वर्षी केंद्राच्या निमलष्करी दलात लागली. तेव्हा भावकीनं तोंडं वाकडी केली होती. पोरीच्या हातात बंदूक देऊन कुठं धाडायलाय हा, उद्या हिला करून कोण घेईल. कासाबाई, तिची माय, चार दिवस जेवली नव्हती. एकटा सटवाजी म्हणाला होता, "जाऊ द्या. मेंढरामागं तरी काय हाय तिच्यासाठी?"

पहिली काही वर्षं शहरांतल्या बंदोबस्तात गेली. मग छत्तीसगड. तिथं सुरुवातीला बायांचं काम ठरलेलं असायचं: गावातल्या बायांची झडती घ्यायची, त्यांच्याशी बोलायचं, लेकरांना गोळ्या-औषधं वाटायची. दैवशालाला आणि तिच्याच तुकडीतल्या शुभदाला याचा कंटाळा आला. शुभदा जिंतूरची, हजरजबाबी, कुणाला न भिणारी. ती म्हणायची, "रायफल चालवायला शिकवली अन् उभं केलंय पिशव्या तपासायला." दोघींनी मिळून साहेबांना अर्ज दिला, आम्हाला गस्तीच्या रांगेत घ्या. दोनदा दिला. दुसऱ्यांदा मंजूर झाला. म्हणजे ती गस्त दैवशालानं मागून घेतलेली होती, आणि ही गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती.

फेब्रुवारीत जे झालं, ते गावाला असं ठाऊक होतं: नक्षलवाद्यांनी तुकडीला घेरलं, शुभदाला गोळी लागली, दैवशालानं एकटीनं पाऊण तास झुंज दिली, तिघांना लोळवलं आणि मैत्रिणीला पाठीवर टाकून आणलं. भागवत सर सांगायला लागले की तिघांचे पाच व्हायचे.

झालं होतं ते वेगळं. सकाळची वेळ होती. नाल्याच्या काठानं रांग चालली होती. पहिली गोळी कुठून आली ते कळलंच नाही. पुढं चालणारी शुभदा एकदम मटकन खाली बसली. दैवशालानं एका वारुळाआड अंग टाकलं आणि समोरच्या झाडीवर गोळ्या झाडत राहिली. माणूस तिला एकही दिसला नाही, नुसती झाडी हलताना दिसायची. तिची पँट ओली झाली होती. पलीकडं पडलेली शुभदा म्हणत होती, "दैवे, पाणी दे." बाटली कमरेलाच होती, पण रायफलवरचे हात निघेनात. शुभदा तीनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. मागची कुमक आली तेव्हा एका जवानानं दैवशालाची बोटं एकेक करून सोडवली. शुभदाला चौघांनी झोळीत घालून नेलं. पुढं दैवशालाला प्रशस्तिपत्र मिळालं. तिनं ती बाजू धरून ठेवली म्हणून तुकडी वाचली, असं त्यात होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

त्यानंतरही ती गस्तीवर गेली. पण तळाच्या फाटकातून बाहेर पडताना दर वेळी बोटं आधीच आखडायची. नऊ महिने तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. मग सुट्टी मिळाली.

पहिल्या दिवशी सांगायचं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार झाला. तिसऱ्या दिवशी ती बापाबरोबर मेंढरांमागं माळावर गेली, म्हटलं इथं तरी बोलता येईल. पण सटवाजीच बोलत होता. एरवी मोजकं बोलणारा माणूस, त्या दिवशी थांबायला तयार नव्हता.

"परवा बन्सीधररावाच्या घरावरून चाललो व्हतो. त्यानं हाक मारली. म्हनला, सटवाजीराव, या, बसा. खुर्ची दिली मला. त्याच्याच बराबरीची." मग थोडं थांबून म्हणाला, "च्या पिला तिथं. कपबशीत."

दैवशाला म्हणाली, "बरं झालं, आबा."

दुसरं काय म्हणणार?

आठवडाभरानं ती शुभदाला भेटायला जिंतूरला गेली. परभणीला गाडी बदलून पोचायला दुपार झाली. शुभदा आईच्या घरी होती, अंगणात बाजेवर बसून पायाला तेल लावत होती. मांडीतली गोळी निघाली होती, पण गुडघा वाकत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता कार्यालयातलं काम मिळेल, मैदानातलं नाही.

"मी रोज पायऱ्या चढायलेय," शुभदा म्हणाली. "सहा महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणणार हाय मी त्यांना."

दैवशालानं आधी पाण्याचं काढलं. "तू पाणी मागत व्हतीस. मी दिलं न्हाई."

"तू पाणी द्यायला आली असतीस तर दोघी मेलो असतो. सोड ते."

"शुभे, मी नोकरी सोडायलेय."

शुभदाचा तेलाचा हात थांबला. "कामून?"

"भ्या वाटतं. फाटकातून निघालं की हात आखडतात. एखाद दिवशी माझ्यामुळं कुनी मरंल."

शुभदानं हात फडक्याला पुसला. मग म्हणाली, "तो हरियाणाचा गडी आठवतो का? मागच्या साली बदली मागून गेला. मला न्हाई जमत म्हणला अन् गेला. कुनी काय म्हणलं? थकला बिचारा, असं म्हणले. त्याच्या गावच्या सगळ्या गड्यांना कुनी भित्रं म्हणलं न्हाई." तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "तू गेलीस तर काय म्हणतील? एक पाय मोडून पडली, दुसरी पळाली. म्हणून म्हणत व्हतो, बायांना रांगेत घेऊ नका. तिकडं आता चौघी हायेत आपल्या मागं आलेल्या. त्यांचं काय व्हईल?"

"म्हणजे मी मरेपर्यंत जायचं का?"

"मला काय विचारतीस?" शुभदाचा आवाज चढला. "मी तर रांगत जाईन म्हणायलेय, मला घेईनात. तुझे दोन पाय शाबूत हायेत."

मग तिलाच वाईट वाटलं. तिनं दैवशालाचा हात धरला आणि आईला हाक मारून जेवायला वाढायला लावलं. निघताना उंबऱ्यात धरून धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बोलले ते मनावर घेऊ नको." पण जे बोलली ते तिनं मागं घेतलं नाही.

परतल्यावर भागवत सरांचा फोन. अकॅडमीत पोरींना दोन शब्द सांगायचे होते. नाही म्हणायची सोय नव्हती. सरांनी तारीख आधीच सगळीकडं कळवली होती. गंगाखेडच्या मैदानात तीस-पस्तीस पोरी मांडी घालून बसल्या होत्या. दैवशालानं व्यायामाचं सांगितलं, आहाराचं सांगितलं. शेवटी एक पोरगी उभी राहिली, बन्सीधरची लेक विजयमाला. अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, उन्हानं रापलेली.

"ताई, गोळीबार चालू झाला तवा भीती वाटली का तुमाला?"

दैवशालानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी भागवत सर माईकवर होते. "अरे, वाघिणीला कसली भीती? भीती वाटली असती तर ती तिथं टिकली असती का?" पोरी हसल्या, टाळ्या झाल्या. विजयमाला हसली नाही. ती तशीच उभी राहून दैवशालाकडं बघत होती.

दोन दिवसांनी विजयमाला सकाळीच घरी आली. कासाबाई शेळीचं दूध काढत होती, दैवशाला अंगण झाडत होती. सोळाशे मीटर पळायला आपल्याला काही सेकंद जास्त लागतात, काय करावं, असं तिला विचारायचं होतं. दैवशाला तिला घेऊन माळाकडं चालत निघाली. पाय कसा टाकायचा, श्वास कुठं सोडायचा, ते दाखवलं. मग स्वतःच थांबली.

"तू तवा विचारलं व्हतंस ना? वाटली व्हती भीती. मुतले मी तिथं. अजून वाटते. सुट्टी संपली की परत जायचं म्हणलं तरी वाटते."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. विजयमाला खाली मान घालून उभी होती. मग तिनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, कुणी येत नाही ना म्हणून.

"ताई, एक ऐकता का? हे माझ्या वडलांना, दादांना सांगू नका."

"मी कशाला सांगते?"

"तसं न्हाई. दादा माझं लग्न लावायला निघाले व्हते. तुमचं झाल्यावर म्हणले, सटवाजीरावाच्या पोरीनं करून दाखवलं, तुला बी एक वर्ष देतो. हे वर्ष गेलं की संपलं माझं." तिनं ओठ चावला. "तुमी नोकरी सोडणार तर न्हाई ना?"

"न्हाई," दैवशाला म्हणाली. शब्द बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

तरी तिनं बापाला सांगितलं. सुट्टीचे आठ दिवस उरले होते. सटवाजी बाभळीखाली मेंढरांची लोकर कातरत होता आणि ती मेंढीचे पाय धरून बसली होती.

"आबा, मला तिकडं जायचं न्हाई आता."

"सुट्टी वाढवून मागायलीस का?"

"नोकरीच सोडावी म्हणते."

कातर थांबली. "कुनी वाकडं वागलं का तिथं? खरं सांग."

"न्हाई. सगळे चांगले हायेत. मला भ्या वाटतं, आबा."

सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कातर चालवायला लागला. अर्धी मेंढी कातरून झाली. लोकर बाजूला सारत म्हणाला, "मी लय बोललो गं बाई लोकांला. साऱ्या गावाला सांगत सुटलो. आता ते माघारी कसं घेऊ?" त्यानं कातर खाली ठेवली. "पर तू तुझ्या मनाचं कर. पोटच्या लेकराला मी मरायला धाडणार न्हाई."

एवढं बोलून त्यानं मेंढी सोडून दिली.

तो रागावला नाही. टाकूनही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मेंढरं गावातून न नेता ओढ्याच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं न्यायला लागला. स्टँडवरच्या हॉटेलात बसायचं बंद केलं. एकदा दैवशाला त्याच्याबरोबर होती, तेव्हा समोरून बन्सीधर मोटारसायकलवर आला आणि थांबून म्हणाला, "काय सटवाजीराव, दिसंना गेलात?"

"हाय की, मालक," सटवाजी म्हणाला. मान खाली. मालक हा शब्द त्यानं या अख्ख्या वर्षात तोंडातून काढला नव्हता. दैवशाला शेजारीच होती, आणि त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

घरी कासाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो तुला काई म्हणणार न्हाई. पर घास खाली जाईना त्याच्या."

"अन् तू काय म्हणतीस, माय?"

"मला वाघीण नको. मला माझं लेकरू पायजे." कासाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "पर इथं ऱ्हाऊन तरी तुला सुखानं कोन जगू देईल? पालमवरून सोयरीक आलीय, ते बी नोकरीवाली म्हणूनच ईचारायलेत. उद्या तू घरी बसलीस की म्हणतील, हिचं काईतरी वंगाळ झालं असंल तिथं, म्हणून आली पळून. गड्याला असं म्हणत न्हाईत. बाईला म्हणतात. मी काय सांगू तुला, बाई? मला दोनी बाजूनं कळंना गेलंय."

दैवशालानं आणखी दोन दिवस काढले. घरात, अंगणात, माळावर, जिथं बसावं तिथून तिला कुणाचं तरी तोंड दिसायचं: शुभदाचं, विजयमालाचं, बापाचं. त्यांच्यातल्या एकाचाही तिला राग येत नव्हता, म्हणून तर सुटका नव्हती. भांडायला कुणी असतं तर ती भांडली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी घोंगडं खांद्यावर टाकून निघत होता. ती म्हणाली, "आबा, मी जायलेय परत. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलंय."

तिला वाटलं होतं, तो विचारेल. भीतीचं काय झालं, एवढं तरी. मग तिनं त्याला सांगितलं असतं, की काही झालं नाही, तशीच आहे. सटवाजीनं विचारलं नाही. घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "परभणीपातुर मी येतो सोडायला." त्या दिवशी मेंढरं गावातून गेली.

परभणीच्या स्टेशनवर त्यानं तिची सॅक स्वतः उचलली. गाडीत जागेवर नेऊन ठेवली. खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. शेजारच्या प्रवाशाला म्हणाला, "आमची लेक हाय. फौजेत असती." गाडी हलली तेव्हा तो खिडकीबरोबर चार पावलं चालला, आणि मग एकाएकी त्याचं तोंड रडवेलं झालं. दैवशालानं हात बाहेर काढला, पण गाडीनं वेग घेतला होता.

तळावर पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "घर पे सब ठीक?"

"ठीक है, सर."

चौथ्या दिवशी गस्तीच्या यादीत तिचं नाव होतं. ती गेली. फाटकाशी बोटं आखडली. तिनं चालता चालता ती उघडझाप करून मोकळी केली आणि रांगेतली आपली जागा घेतली. तिच्या मागं नव्या चौघींपैकी एक होती. ती हळूच म्हणाली, "दीदी, आप आगे हो तो अच्छा लगता है." दैवशालानं मान हलवली.

जूनमध्ये विजयमालाचा फोन आला. निवड झाली होती, ट्रेनिंगला जायचं होतं. मागं गलका ऐकू येत होता, कुणीतरी पेढे वाटत होतं. बन्सीधरनं मध्येच फोन घेऊन सांगितलं, सटवाजीराव इथंच बसलेत, त्यांच्याच हातानं वाटायलोत. मग पुन्हा विजयमाला आली. बरोबर काय काय घेऊ, म्हणून विचारत होती.

"जास्तीचे मोजे घे. पायाला लावायला खोबरेल. ट्रेनिंगचे बूट सुरुवातीला चावतात."

"आणखी काय, ताई?"

दैवशालानं खिडकीतून पाहिलं. बाहेर मैदानात हजेरीची शिट्टी झाली होती आणि बाकीच्या जणी पट्टे आवळत रांगेकडं चालल्या होत्या.

"तिथं भ्या वाटलं तर मला फोन कर," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला सांगू नको. मला सांग."

पलीकडचा गलका कमी झाला; विजयमाला बाजूला गेली असावी. मग बारीक आवाजात "हो" म्हणाली. दैवशालानं फोन पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.